हासळीचे हाड आणि भुलीची सुई

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका रिक्षावाल्या बंधूंची रिक्षा खड्ड्यात कलंडली. ते उजव्या खांद्यावर आपटले आणि हासळीचे हाड मोडले. खांद्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत गळ्याखाली आडवे गेलेले, बोटांनी चाचपता येणारे हाड ते हेच. डॉक्टर त्याला कॉलरबोन म्हणतात. आपला हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो एवढ्या एकाच ठिकाणी. बाकीचा सारा भार स्नायूंवर. आईच्या पोटात जी हाडे टणक होऊ लागतात त्यांत हे पहिले, आणि पुरते पक्के होण्यात मात्र अगदी शेवटचे, विशी ओलांडल्यावर.

हे हाड मोडले की शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. बहुतेकांचे हाड हात झोळीत अडकवून काही आठवडे सांभाळला की जुळून येते. परंतु तुकडे एकमेकांवर चढून हाड दोन सेंटिमीटरहून अधिक आखूड झाले, टोक आतून कातडीला टोचू लागले, किंवा हाताची रक्तवाहिनी वा नस दुखावली, तर डॉक्टर प्लेट आणि स्क्रू बसवण्याचा सल्ला देतात. आमच्या बंधूंच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते आणि एक टोक कातडीखाली तंबूसारखे वर आले होते. शस्त्रक्रिया ठरली. शेजारी म्हणून आम्हीही त्यांच्यासोबत रुग्णालयात गेलो.

तेथे आम्हाला एक गोष्ट शिकायला मिळाली. हाड कोण बसवणार, प्लेट कितीची, हे सारे कुटुंब विचारते. भूल कोणती देणार, हे कोणीच विचारत नाही. संमतीपत्रावर सही होते आणि माणूस आत जातो. वास्तविक या हाडाच्या बाबतीत भूल देण्याच्या तीनचार वेगवेगळ्या रीती आहेत, आणि त्यांतील एक अशी आहे की कमजोर फुप्फुसाच्या माणसाला ती जड जाऊ शकते.

वहिनींनी भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना विचारले, "मॅडम, पाठीत सुई देणार का? मला सिझरच्या वेळी दिली होती." प्रश्न चुकीचा नव्हता. पाठीतल्या सुईने कमरेखालचा भाग बधिर होतो. हासळी तर मानेला लागून. तेव्हा येथे सुई मानेच्या बाजूला किंवा हाडाजवळच द्यावी लागते. ज्या नसा दुखण्याची खबर मेंदूकडे नेतात त्यांच्याभोवती औषध सोडायचे, म्हणजे तेवढाच भाग काही तास बधिर. याला डॉक्टर मंडळी ब्लॉक म्हणतात.

ही विद्या तशी जुनी आहे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी डोळ्यात कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर होतो हे दाखवून दिले, आणि पाठोपाठ अमेरिकेत हॅल्स्टेड यांनी थेट नसेजवळ औषध सोडण्याचा मार्ग धरला. पुढे कोकेनची जागा लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन यांसारख्या औषधांनी घेतली.

हासळीची अडचण अशी, की तिला एकाच नसेचा पुरवठा नाही. हाडावरची कातडी मानेच्या तिसऱ्या व चौथ्या नसेच्या हद्दीत येते. खुद्द हाडाला हाताकडे जाणाऱ्या पाचव्या-सहाव्या नसांचे धागे पोचतात असे मानतात. कोणत्या नसेचा वाटा किती, यावर शरीरशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. म्हणूनच रीती अनेक झाल्या. आणि छातीखालचा जो पडदा श्वास ओढतो त्याची नसही मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मुळांतूनच निघते. फ्रेनिक तिचे नाव. म्हणजे जिथे बधिर करायचे, तिथूनच श्वासाची तार जाते.

पहिली आणि सर्वांत रुळलेली रीत इंटरस्केलिन ब्लॉकची. मानेच्या बाजूच्या दोन स्नायूंमधील फटीत औषध सोडून हाताच्या नसांचा सगळा जुडगाच बधिर करायचा. अमेरिकेतील डॉ. विनी यांनी १९७० साली ही पद्धत मांडली. हिने खांदा उत्तम बधिर होतो. पण वीस मिलिलिटर वा अधिक औषध दिले तर जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या त्या बाजूचा श्वासाचा पडदा काही तास लुळा पडतो आणि छातीची ताकद सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरते. निरोगी माणसाला ते बहुधा कळतही नाही. ज्याच्या फुप्फुसात शिल्लकच थोडी, त्याचा मात्र जीव घाबरा होतो. शिवाय हात तासन्‌तास लोंबकळतो, आवाज घोगरा होतो, कधी पापणी उतरते. हे सारे औषध उतरले की जाते. औषध कमी दिले, म्हणजे पाच ते दहा मिलिलिटर, तर पडदा लुळा पडण्याचे प्रमाण बरेच उतरते. धोका शून्य होत नाही.

दुसरी रीत मानेच्या वरवरच्या नसांची. मानेवरच्या ठळक तिरक्या स्नायूच्या मागच्या कडेला, मध्यावर, कातडीखाली थोडे औषध. ही सोपी, आणि श्वासाला सहसा धक्का लावत नाही. पण हिने कातडी बधिर होते, हाड नव्हे. एकटीवर विसंबून ड्रिल चालवता येत नाही. म्हणून ती कोणाच्या तरी जोडीला देतात. पहिल्या रीतीशी जोडी तर फारच जुळते.

तिसरी रीत नवी. २०१७ साली स्पेनमधील डॉ. वाल्देस यांनी ती सांगितली. हाडाला वेढणाऱ्या पडद्याखाली, मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, हाडालगत औषध पसरवायचे. नाव लांबलचक आहे, क्लॅव्हिपेक्टोरल ब्लॉक. मानेला हात नाही, म्हणून श्वासाची नस वाचते आणि हाताची बोटेही हलती राहतात. उणे एवढेच, की अनुभव अजून पहिल्या रीतीइतका दांडगा नाही, आणि बऱ्याच ठिकाणी ती संपूर्ण भुलीच्या जोडीला, नंतरचे दुखणे कमी करण्यासाठी वापरतात. संपूर्ण भूल ही तर आहेच. ती कोणत्याही ब्लॉकसोबत देता येते, आणि ब्लॉक अपुरा पडला तर तिच्याकडे वळावे लागते. म्हणून "फक्त सुईच आहे" असे समजून घरून चहा-बिस्किटे खाऊन जाऊ नये. उपाशी राहण्याचा नियम येथेही तोच.

आता आमच्या बंधूंचे ऐका. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दम लागतो का? खोकला? पूर्वी काही आजार?" बंधू म्हणाले, "नाही." शस्त्रक्रिया लांबली तर रिक्षाचा हप्ता चुकेल ही त्यांची धास्ती. तोच वहिनी पुढे झाल्या. "अहो, खोटं कशाला सांगता? जिना चढताना दोनदा थांबता की. मॅडम, ह्यांना पाच वर्षांमागं टीबी झाला होता. औषध पुरं केलं, पण खोकला गेला नाही. आणि बिडीही आहे."

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पुन्हा उजेडाला धरून पाहिला, फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी करविली, आणि बेत बदलला. इंटरस्केलिन रद्द. दुसरी आणि तिसरी रीत एकत्र.

आमच्या वस्त्यांत अशी छाती असलेली माणसे थोडी नाहीत. गिरणीच्या कापूसखात्यात उमर गेलेले, दगडखाणीत राबलेले, चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आपल्या माताभगिनी. यांना दमाचा प्रश्न विचारला की "वय झालं" म्हणून मोकळे होतात. आमचे मत विचाराल तर धडधाकट तरुणाला कमी औषधाची पहिली रीत दुसरीच्या जोडीने द्यायला हरकत नाही. पण छाती कमजोर असेल तर श्वासाची नस वाचवणारी जोडीच बरी. अर्थात, ज्या डॉक्टरांचा हात ज्या रीतीवर बसला आहे त्यालाही मोल आहे. शेवटचा निर्णय त्यांचा. खरी माहिती पुरवणे मात्र आपले.

आणखी एक गोष्ट वजनाची. बंधूंनी साठ किलो सांगितले होते. काट्यावर पन्नास भरले. बुपिव्हाकेन किलोमागे सुमारे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, म्हणजे पन्नास किलोला शंभर मिलिग्रॅम. नेहमीच्या तीव्रतेचे ते वीस मिलिलिटरमध्येच संपते. दोन-तीन ठिकाणी द्यायचे तर औषध पातळ करावे लागते. जास्त झाले किंवा चुकून रक्तात गेले तर ओठ बधिर होतात, तोंडाला धातूची चव येते, कानात घणघणते, झटके येतात, हृदयावरही परिणाम होतो. त्यावर शिरेतून देण्याचे चरबीचे पांढरे द्रावण हा उतारा आहे. पण ओठ बधिर वाटले तर लगेच बोलावे, सोसत पडू नये.

आत सुई देण्याआधी मानेवर सोनोग्राफीचे यंत्र फिरविले. बाहेर आल्यावर बंधू हसत सांगत होते, "मी म्हटलं, मॅडम, पोटात काही नाही हो माझ्या!" त्या यंत्राने नस, रक्तवाहिनी आणि सुईचे टोक पडद्यावर दिसते, अंदाजाचे काम उरत नाही. हेच यंत्र मुलींच्या जिवावर उठले म्हणून १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा झाला. त्याखाली अशा यंत्राची नोंद ठेवावी लागते, भूलतज्ज्ञांच्या यंत्राचीसुद्धा. कटकट आहे खरी, पण कायदा का आला ते आपण विसरून चालणार नाही.

बंधू गुंगीच्या औषधावर, जागेच होते. संपूर्ण भुलीची तयारी शेजारी मांडलेली. ड्रिलचा आवाज कानाशी ऐकू आला, ओढ जाणवली, मध्येच एकदा दुखले तेव्हा सर्जननी तिथेच आणखी औषध टोचले. दीड तासाने बाहेर आले ते बोटे हलवीत.

संध्याकाळी ते म्हणू लागले, "काहीच दुखत नाही, गोळी कशाला?" ही चूक पुष्कळजण करतात. ब्लॉक मध्यरात्री उतरतो आणि दुखणे एकदम उसळते. परिचारिका ताईंनी वहिनींना बजावले होते, बधिरपणा असतानाच, वेळेवर गोळी. वहिनींनी दहाला त्यांना उठवून गोळी दिली, पुन्हा पहाटे चारला. तरीही दोन तास कण्हण्यात गेलेच.

सहा आठवडे हात झोळीत होता आणि रिक्षा भावाने चालविली. आता बंधू पुन्हा स्टँडवर दिसतात. व्रणाखाली तळहाताएवढी कातडी अजून बधिर आहे. हा ब्लॉकचा दोष नव्हे. चीर देताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात. शर्टाचे वरचे बटण लावताना ते तेथे बोट फिरवून पाहतात, आणि बिडीचे विचारले की वहिनींकडे बघतात.