चौकट : दोन पायवाटांमधला दुवा

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे मामा-भांज्याच्या दर्ग्याकडे चढणारी वाट आणि उपवनच्या वर येऊरची वाट. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात. पण मधल्या जंगलातून परवानगीशिवाय जाता येत नाही, शिवाय बिबट्याचा वावर. म्हणून जोडवाट पायथ्यानेच आखायची : श्रीनगर, रायलादेवी तलाव, लोकमान्यनगर, उपवन.

सुरुवातीला निसर्ग शोधावा लागतो, हे कबूल. १९६२ साली एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला तो याच वागळे इस्टेटमध्ये. इथले रस्ते अजून नंबरानेच ओळखले जातात. शेड, टेम्पो, कटिंग चहा, आणि मान वर केली की पत्र्यांच्या वर हिरवा डोंगर. रायलादेवीच्या काठावर पाच मिनिटं टेकायचंच. लोकमान्यनगरात फुटपाथ सापडेल तिथे आपला. उपवनला पोचलं की हवा बदलते.

सकाळी सातच्या आत निघावं, कारखान्यांची वर्दळ कमी असते. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यात उतरू नये. येऊरच्या डोंगरावरची कारवी दर ८ वर्षांनी फुलते. २०१६ नंतर ती २०२४मध्ये फुलली. ती हुकली असेल तर आता २०३२.