जुना लॅपटॉप, लिनक्स आणि खेळ

विंडोज १० ला मिळणारी नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्याने, घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा खरोखरच विचार करण्याजोगा पर्याय ठरतो. त्यातील डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे खिडक्या, मेनू व पॅनेल यांचा संच, बदलता येतो. चार जीबी रॅमवर एक्सएफसीई हा संच हलका चालतो, तर केडीई प्लाझ्मा विंडोजच्या सवयीला जवळचा पडतो. खेळांचे चित्र २०१८ मध्ये पालटले, कारण व्हॉल्व्ह कंपनीने आणलेली प्रोटॉन ही प्रणाली विंडोजच्या खेळांतील डायरेक्टएक्स आज्ञांचे व्हल्कन या ग्राफिक्स-प्रणालीच्या आज्ञांत रूपांतर करते आणि तिच्या स्टीम या खेळ-विक्री मंचावरील असंख्य खेळ त्यामुळे चालू लागतात. अर्थात जुन्या ग्राफिक्स-चिपला व्हल्कन पेलत नसेल तर प्रोटॉनही बहुतांशी हतबल होते. व्हॅलोरंट हा खेळ मात्र चालतच नाही, कारण त्याची फसवणूक-रोधक यंत्रणा थेट विंडोजच्या गाभ्यात काम करते. केवळ त्याच खेळाचे वेड असणाऱ्याने लिनक्सच्या वाटेला न गेलेलेच बरे.