गहू सोडला, तरी ग्रहणी का राहते?

साधारण दोन वर्षांपूर्वी वरोऱ्याजवळच्या एका खेड्यातील गृहिणी माझ्या दवाखान्यात आली. वय तिशीच्या पुढचे, वजन बेचाळीस किलो, जुना पांडू, आणि हातात मोठ्या रुग्णालयातील तपासण्यांची फाईल. रक्तात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे वाढलेली, लहान आतड्याच्या बायोप्सीत अंकुर झिजून सपाट झालेले. निदान सिलियाक रोगाचे होते आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. गहू बंद होऊन चौदा महिने झाले होते. पहिल्या तीन महिन्यांत जुलाब थांबले, वजन थोडे वाढले, घरचे निश्चिंत झाले. नंतर मात्र आध्मान, दिवसातून तीन-चार वेळा सैल व चिकट मलप्रवृत्ती, संध्याकाळी अंगातले त्राण जाणे, हे सारे परतले. "डॉक्टरसाहेब, पोळीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सासरच्यांचा त्यावर विश्वास नव्हता; खरे सांगायचे तर माझाही पूर्ण नव्हता.

मी जे केले ते आपल्यापैकी बहुतेकांनी केले असते. अग्निमांद्य व वाताचे प्राधान्य पाहून पहिल्या घासाला तुपासह हिंग्वाष्टक चूर्ण, 3 ग्रॅम, दोन वेळा, जेवणानंतर ताक. आठ आठवडे उलटले तरी फरक नाही. त्या आठ आठवड्यांचा हिशेब वैद्यबंधुभगिनींपुढे आणि विशेषतः औषधनिर्माण करणाऱ्या मंडळींपुढे मांडावा, म्हणून हे लिहीत आहे.

हा रोग पंजाब-हरियाणाकडचा, आपल्याकडे नाही, अशी समजूत अजून आहे. तिला आधारही आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात प्रौढांमधील प्रमाण उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के, तर दक्षिणेत अवघे 0.10 टक्के आढळले. उत्तरेकडे गव्हाचे रोजचे सेवन सरासरी 455 ग्रॅम आणि दक्षिणेत 25 ग्रॅम होते, ही त्यातील अधिक विचार करण्याजोगी नोंद. आता आपला भाग पाहा. पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि पुढे गडचिरोली हा धानाचा मुलूख. तेथे ताटात भातच आहे. वरोरा-भद्रावतीकडे मात्र ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न होते. शेतातून ज्वारी हटली, सोयाबीन आले, आणि रेशनचा गहू घराघरात पोहोचला. एका पिढीत भाकरीची पोळी झाली. त्यामुळे असे रुग्ण येथे यापुढे अधिक दिसतील असा माझा तर्क आहे. आकडेवारी माझ्यापाशी नाही.

आपल्याकडे निदान हुकण्याचे आणखी एक कारण आहे. या दोन जिल्ह्यांत पांडू दिसला की मन प्रथम सिकलसेलकडे जाते, मग जंतांकडे. ते योग्यच आहे, ती तपासणी करावीच. परंतु लोहकल्प महिनोन्महिने देऊनही रक्त वाढत नसेल तर लोह शोषले जात आहे का, हा प्रश्न विचारायला हवा. उलट सिलियाकचे निदान झालेल्या व पथ्य नीट पाळणाऱ्या रुग्णाचा पांडू हटत नसेल तर सिकलसेल, थॅलेसिमिया आणि बी-12 यांची चाचणी राहून गेली आहे का, हेही पाहावे. आणि एक आग्रहाची विनंती: संशय आला तर तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे उतरतात, अंकुर सावरू लागतात, आणि मग निदान अडकून बसते. महिनाभर गहू सोडून बघा, हा आपला सहज दिला जाणारा सल्ला अशा रुग्णाचे नुकसान करतो.

त्या गृहिणीकडे परत येतो. आठ आठवड्यांनंतर मी तिच्या पतीला सांगितले की आठवडाभरात तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू पिशवीत भरून आणा, औषधांसकट. टेबलावर मांडामांड झाली: ज्वारीचे पीठ, बेसन, माहेरहून आलेल्या कुरडया, पिवळ्या हिंगाची डबी, चिवडा, आणि मी दिलेल्या चूर्णाची पुडी.

पिठापासून सुरुवात केली. गावात चक्की एकच. गव्हाचे दळण संपले की त्याच पाळीवर ज्वारी पडते आणि पाळ्यांमध्ये व पेटीत अडकलेले गव्हाचे पीठ ज्वारीसोबत घरी येते. सकाळी पहिले दळण आपले लावून घेतो, असे पती म्हणाला. पण आदल्या रात्रीचा गहू चक्कीतच असतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. कुरडया तांदळाच्या समजून तळल्या जात होत्या, त्या गव्हाच्या चिकाच्या निघाल्या. त्यानंतर हिंगाची डबी हातात घेतली. घटकांच्या बारीक अक्षरांत डिंक, गव्हाचे पीठ आणि मग हिंग असा क्रम होता. रोजच्या वरणाची फोडणी याच डबीतून.

मग माझ्याच चूर्णाकडे पाहिले. ते माझ्या दवाखान्यात कुटलेले होते आणि त्यातला हिंग बाजारातल्या अशाच डबीचा होता.

हिंग्वाष्टकात आठ द्रव्ये. समभाग धरली तर दिवसाच्या 6 ग्रॅममध्ये हिंग पाऊण ग्रॅम. त्यातला निम्मा भाग गव्हाचे पीठ आहे असे मानले तर सुमारे 375 मिलिग्रॅम पीठ पोटात गेले. पिठात ग्लुटेन साधारण दहावा हिस्सा असते, म्हणजे रोज 35 ते 40 मिलिग्रॅम. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अंकुरांची हानी दिसली होती. रोज 10 मिलिग्रॅमपर्यंत ते बहुतेकांना सोसते असे मानले जाते. फोडणीचा हिंग आणि चक्कीचे पीठ या हिशेबात अजून धरलेलेच नाही. म्हणजे मी ज्या औषधाने ग्रहणी सुधारू पाहत होतो, तेच औषध तिला दोन वेळा, तुपासह, नेमाने रोगाचे कारण पुरवत होते. त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

शास्त्रात 'शुद्ध हिंग' म्हणजे घृतभर्जित हिंग. बाजारात 'शुद्ध' म्हणजे भेसळ नसलेला. दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळल्याने आपण डबीतला हिंग तुपात परतून घेतो आणि शोधन झाले म्हणून समाधान मानतो. परतल्याने गव्हाचे प्रथिन नाहीसे होत नाही. हाथरसपासून गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत बांधणीचा हिंग हाच नेहमीचा व्यवहार आहे आणि तो बेकायदेशीर नाही; उग्र राळ स्वयंपाकात वापरता यावी म्हणून ती पिठात व डिंकात बांधतात. काहीजण तांदळाचे पीठ घालतात. फरक फक्त डबीच्या मागील बाजूस कळतो.

हिंगाच्या निमित्ताने आपल्या इतर कल्पांकडेही पाहायला हवे. यव हे आपले आवडते पथ्य. प्रमेहात, स्थौल्यात, यवमंड म्हणून, सत्तू म्हणून आपण तो सहज सुचवतो. पण बार्लीतही तोच दोष आहे आणि सिलियाकच्या रुग्णाला तो वर्ज्यच. सौवीर व तुषोदक यवापासूनच बनतात. नीट जाळलेल्या यवक्षारात प्रथिन उरत नाही. ओव्याचे नाव यवानी असले तरी त्याचा यवाशी संबंध नाही. भग्नासाठी अस्थिसंहारी, लाक्षा, अर्जुन यांच्या जोडीला गोधूम सांगितला आहे. सिलियाकमध्ये हाडे ठिसूळ होतात, तेव्हा हा योग नेमका याच रुग्णाला लिहिला जाण्याचा संभव अधिक. जाता जाता, गव्हाला संहितेत 'संधानकर' म्हटले आहे म्हणून आचार्यांना ग्लुटेन ठाऊक होते, असे विवेचन अधूनमधून ऐकू येते. संधान म्हणजे भग्न जोडणे. त्यात कणकेचा चिकटपणा शोधणे हा शास्त्राचा गौरव नव्हे.

चक्कीवर उपाय घरातच निघाला. सासूबाईंचे जाते गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते. ते धुऊन, वाळवून, त्यावर आधी थोडे तांदूळ दळून टाकून दिले आणि मग ज्वारी. हिंग पूर्ण बंद. चार महिन्यांत मलप्रवृत्ती एक-दोन वेळांवर आली, वजन तीन किलोने वाढले, प्रतिपिंडांची पातळीही खाली आली. आध्मान मात्र राहिले, आणि येथे दुसरा प्रश्न सुरू झाला.

लॅक्टोज ही दुधातील शर्करा पचवणारे विकर आतड्याच्या अंकुरांच्या टोकावर असते. अंकुर झिजले की ते प्रथम जाते आणि अंकुर भरून येईपर्यंत परत येत नाही. आपल्या देशात अनेक प्रौढांत ते मुळातच कमी असते, ही गोष्ट वेगळी. या घरात वजन वाढावे म्हणून रात्री पेलाभर दूध आणि दिवसात चार वेळा दुधाचा चहा चालू होता. दोन आठवडे दूध थांबवले, पोट हलके झाले. पुन्हा दिले, पुन्हा फुगले. ताकाने त्रास झाला नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीसाठी तक्राला जो मान दिला आहे, त्याचे एक कारण येथे हाती लागते: विरजणात लॅक्टोजचा काही अंश खर्च होतो, पाणी घातल्याने ती आणखी विरळ होते. तेव्हा दूध बंद याचा अर्थ ताक व तूप बंद असा करू नये. दूध जन्मभर सोडण्याचीही गरज नसते. अंकुर सुधारल्यावर पुन्हा थोडे देऊन पाहावे.

बेसनाचे तसेच. गहू गेला की त्याची जागा झुणका, पातोडी आणि धिरड्याने घेतली जाते. हरभऱ्यातील न पचणाऱ्या शर्करा मोठ्या आतड्यात आंबतात आणि रुग्ण म्हणतो, अजून गहू बाधतो आहे. कांदा-लसणातील फ्रुक्टन या शर्करेनेही तेच होते, आणि ती गव्हातही असते. सिलियाक नसूनही ग्लुटेन बाधते असे सांगणाऱ्या 59 व्यक्तींवर नॉर्वेत चाचणी झाली; 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टननेच त्यांना अधिक त्रास झाला. गहू सोडून बरे वाटले म्हणजे सिलियाक असे म्हणता येत नाही, ते यामुळे. आसवारिष्टांतील गूळ आणि अवलेहांतील मध यांचाही विचार अशा रुग्णात करावा. मधात फ्रुक्टोज पुष्कळ असते.

मात्र एका वेळी एकच पदार्थ थांबवावा, दोन आठवडे पाहावे आणि पुन्हा देऊन खात्री करावी. वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी हातात देणे सोपे असते. पण जिचे वजन पंचेचाळीस किलो आहे, तिच्या ताटातून आणखी चार पदार्थ काढले तर ते लंघन होते, पथ्य राहत नाही. शेकडो अन्नपदार्थांची असहिष्णुता रक्तावरून सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या शहरांतून विकल्या जातात. त्यांचा आधार घेऊ नये, असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने 2008 मध्येच स्पष्ट केले आहे.

काही वेळा कोठेही चूक नसते, फक्त काळ लागतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 2010 मधील अभ्यासात ग्लुटेन वर्ज्य केलेल्या प्रौढांपैकी सुमारे एकतृतीयांशांचे आतडे दोन वर्षांत पूर्ववत झाले, तर पाच वर्षांत सुमारे दोनतृतीयांशांचे. हे रुग्णाला आरंभीच सांगितले तर निराशा टळते. परंतु पथ्य काटेकोर असूनही वजन घटत असेल, रात्री उठून शौचास जावे लागत असेल, ज्वर, रक्तस्राव किंवा सततचा उदरशूल असेल तर तो रुग्ण आपल्यापाशी ठेवू नये. आंत्राचा क्षय, जिआर्डिया, आतड्यातील जंतूंची अतिवाढ, अग्न्याशयाची दुर्बलता आणि क्वचित आतड्याचा लिंफोमा, ही सारी अशाच रूपात येतात. सेवाग्राम आणि नागपूर आपल्याला दूर नाहीत. ग्लुटेन वर्ज्य करण्याला पर्याय ठरेल असे कोणतेही औषध, आपले किंवा इतरांचे, आज नाही. आपले काम अग्नी सांभाळण्याचे आणि पोषण भरून काढण्याचे आहे.

औषधालयांच्या चालकांना माझे सांगणे थोडके आहे. हिंगयुक्त कल्पांसाठी राळच घ्यावी, पुरवठादाराकडून गव्हाचे पीठ नसल्याचे लेखी घ्यावे, आणि गोधूम किंवा यव दळलेले यंत्र साफ केल्याशिवाय दुसऱ्या चूर्णास लावू नये. खाद्यपदार्थांवर 'ग्लुटेनमुक्त' लिहिण्यासाठी किलोस 20 मिलिग्रॅमची मर्यादा आपल्या देशात ठरलेली आहे. आपल्या चूर्णांच्या बाबतीतही ती गाठता येईल, असे मला वाटते. बंधनासाठी कोणते पीठ वा स्टार्च वापरला, एवढे डबीवर छापले तरी आम्हा चिकित्सकांचे निम्मे काम होईल.

मी स्वतः गेल्या दीड वर्षापासून राळ आणून तुपात भाजतो. ती लवकर कुटली जात नाही, पावसाळ्यात चूर्णाच्या गुठळ्या होतात, वास दवाखानाभर राहतो, आणि जुने रुग्ण विचारतात की यंदा हिंग्वाष्टक एवढे उग्र का. मात्राही मला कमी करावी लागली आहे. त्या गृहिणीला ते चूर्ण आता पुन्हा सुरू केले आहे, 1 ग्रॅम, तुपासह. दुधाचा चहा तिने अजून सोडलेला नाही, फक्त चाराचा एक केला आहे.