जिल्ह्यातले पडद्यावरचे चेहरे – भाग ७ : गौरी ते इंद्रायणी

येवल्यात पैठणी म्हणजे आधी धंदा, मग हौस. रेशमाचा भाव, जरीचा भाव, लग्नसराईतली गिऱ्हाइकी हे बोलून झालं की मग पदरावरच्या मोराचं कौतुक. अशा गावाला ‘गोष्ट एका पैठणीची’ची नायिका परकी वाटू नये. पण सायली संजीव हिची गोष्ट सांगायची तर सुरुवात साडीपासून नाही, टीव्हीपासून करावी लागते.

नावातलं ‘संजीव’ वडिलांचं, आडनाव चांदसरकर. जन्म १९९३ चा, धुळ्याचा, वाढली नाशिकमध्ये. आपल्या जिल्ह्यात नाटकाची हौस भागते, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं तर कसारा घाट उतरावाच लागतो. तीही उतरली.

२८ मार्च २०१६ ला झी मराठीवर ‘काहे दिया परदेस’ सुरू झाली. मुंबईच्या सावंतांची गौरी आणि बनारसचा शिव शुक्ला. शिव झाला ऋषी सक्सेना, गौरीचे वडील मोहन जोशी. मालिका पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत चालली आणि तेवढ्या काळात गौरी घरोघरची झाली.

रोजची मालिका नटाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हे इथे समजून घ्यायला हवं. आठवड्याला पाच-सहा भाग, जाहिराती वगळल्या तर एकेक वीस-बावीस मिनिटांचा. कागद कधी कधी सेटवरच हाती पडतो, पाठांतराला वेळ नसतो. एकच प्रसंग पुन्हा वेगवेगळ्या बाजूंनी चित्रित होतो. डोळ्यांतलं पाणी दर वेळी नव्याने आणायचं. या रगाड्यात कॅमेऱ्याची भीती पार जाते. तोटा असा, की प्रत्येक भावना ताणून दाखवायची सवय लागते, आणि सिनेमाच्या मोठ्या पडद्यावर ती सवय लगेच उघडी पडते. किती तरी लोकप्रिय चेहरे तिथेच अडकले. सायलीने आवाज आणि चेहरा दोन्ही आवरते ठेवले, हे माझ्या मते तिचं खरं कसब.

वाट सरळ नव्हतीच. २०१८ मध्ये ‘परफेक्ट पती’ ही हिंदी मालिका झाली, जयाप्रदांसोबत. मग ‘आटपाडी नाइट्स’. ६ मार्च २०२० ला मृण्मयी देशपांडेचा ‘मन फकिरा’ लागला आणि महिना संपायच्या आत देशभर टाळेबंदी! त्याच वर्षी ती ‘शुभमंगल ऑनलाइन’मधून पुन्हा मालिकेत आली. सिनेमात गेलेल्याने मालिकेत परतणं कमीपणाचं मानणारे अजूनही आहेत. मला तो निव्वळ बाष्कळपणा वाटतो.

२०२१ च्या ‘बस्ता’मध्ये ती शेतकऱ्याची मुलगी; लग्नाच्या खरेदीने बापाचं कंबरडं कसं मोडतं, हा विषय. बस्ता बांधायला आलेली कुटुंबं पाहणाऱ्या येवल्याला तो समजावून सांगायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेमंत ढोमेचा ‘झिम्मा’ आला आणि बंदीनंतर चित्रपटगृहांकडे गर्दी परतली.

मग पैठणी. शंतनू रोडे दिग्दर्शित सिनेमात बेताच्या परिस्थितीतली इंद्रायणी पैठणीचं स्वप्न बाळगून आहे; नवरा सुव्रत जोशी, ‘मन फकिरा’तलाच जोडीदार. हातमागावर रंगागणिक वेगळी कांडी फिरवत पदर भरायचा, नक्षी दाट असेल तर महिनेच्या महिने जायचे, म्हणून ही साडी महाग. विणणाऱ्या घरातल्या बाईच्या अंगावरही ती असतेच असं नाही. टीव्हीवर मात्र २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ने पैठणी हे गृहिणीचं बक्षीस करून टाकलं होतं. इंद्रायणीची हाव न वाटता आस वाटते, कारण ती करणारी मुलगी प्रेक्षकाने आधीच आपल्या घरात पाहिलेली आहे. मालिकेची पुंजी इथे कामी आली.

जुलै २०२२ मध्ये ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. प्रेक्षकांसमोर तो आला २ डिसेंबरला, म्हणजे पुरस्कार आधी आणि तिकीट नंतर.

पुढच्या आठवड्यात १९१३ मध्ये जाऊ : फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मधल्या कमलाबाईंकडे.