श्रवणयंत्र

श्रवणयंत्र हे श्रवणदोष असलेल्या व्यक्तीने कानात किंवा कानामागे लावायचे छोटे विद्युत उपकरण आहे. परिसरातील ध्वनी ग्रहण करून तो त्या व्यक्तीच्या गरजेनुसार वाढवणे व कानात पोहोचवणे हे त्याचे कार्य होय. चष्म्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते. पण ती अर्धवटच लागू पडते. योग्य क्रमांकाचा चष्मा लावताच दृष्टी बहुधा पूर्ववत होते. श्रवणयंत्र मात्र गेलेले श्रवण परत आणत नाही, उरलेल्या श्रवणशक्तीचा उपयोग करून देते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे अनेक यंत्रे थोड्याच दिवसांत कपाटात जाऊन पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणऱ्हास असून त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना पुनर्वसन सेवेची गरज आहे. ज्यांना यंत्राचा लाभ होऊ शकेल, त्यांपैकी केवळ १७ टक्के लोक ते वापरतात असा याच अहवालाचा अंदाज आहे.

श्रवणऱ्हासाचे स्वरूप

आंतरकर्णातील कर्णावर्त या शंखाकृती अवयवात सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनिकंपनांचे चेतासंवेदनांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. वय, दीर्घकाळ मोठा आवाज, काही औषधे अथवा आनुवंशिक कारणांनी त्या नष्ट झाल्या, तर माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. वार्धक्यात सहसा उच्च वारंवारतेचे ध्वनी ग्रहण करणाऱ्या पेशी आधी निकामी होतात, आणि नेमका येथेच भाषेशी संबंध येतो.

बोलण्यातील स्वर प्रामुख्याने निम्न वारंवारतेचे व जोरकस असतात. स, श, फ, ख, थ यांसारख्या व्यंजनांतील घर्षण किंवा महाप्राणाचा अंश उच्च वारंवारतेचा व क्षीण असतो. आवाजाचा मोठेपणा स्वरांतून कळतो, शब्दाचा अर्थ बराचसा व्यंजनांवर अवलंबून राहतो. त्यामुळे श्रवणऱ्हास झालेल्या व्यक्तीला ‘ऐकू येते, पण समजत नाही’ असा अनुभव येतो. ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘पाच’ आणि ‘पास’, ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद पुसट होतो. भाजीबाजारात याने थोडाफार घोटाळा होईल. औषधाच्या गोळ्यांची संख्या ऐकताना तो धोक्याचा ठरू शकतो. मोठ्याने ओरडून बोलण्याने फारसे साधत नाही, कारण ओरडताना स्वरच अधिक वाढतात. शिवाय केशपेशी नष्ट झालेल्या कानाला मंद आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज लगेच असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोला’ आणि पाठोपाठ ‘ओरडू नका’ असे म्हणणारे आजोबा विक्षिप्त नसतात. त्यांच्या कानाची सहनकक्षाच आकुंचित झालेली असते.

रचना व कार्य

ध्वनिग्राहक, ध्वनिवर्धक, कानात ध्वनी सोडणारा लघुध्वनिक्षेपक आणि बॅटरी हे यंत्राचे मुख्य भाग होत. आजच्या अंकीय यंत्रांत एक संस्कारक चिप असते. ती सर्व ध्वनी सारखेच वाढवत नाही. व्यक्तीच्या श्रवणालेखानुसार ज्या वारंवारता कमी ऐकू येतात त्यांनाच अधिक बळ दिले जाते, तसेच मंद ध्वनी जास्त व मोठे ध्वनी कमी वाढवले जातात. म्हणून श्रवणचाचणी न करता घेतलेले किंवा दुसऱ्याचे यंत्र क्वचितच उपयोगी पडते.

खिशात ठेवून तारेने कानाला जोडायचे यंत्र, कानामागचे यंत्र आणि कर्णनलिकेत बसणारे यंत्र हे प्रमुख प्रकार आहेत. खिशातील यंत्राची बटणे मोठी असल्याने हात थरथरणाऱ्या वृद्धांना ते अजूनही सोयीचे वाटते. कर्णनलिकेतील यंत्र दिसत नाही, मात्र तीव्र श्रवणऱ्हासाला ते सहसा अपुरे पडते. अतितीव्र श्रवणऱ्हासात यंत्राचा लाभ होत नसल्यास कर्णावर्त रोपणाचा विचार केला जातो.

दैनंदिन जीवनातील परिणाम

यंत्र लावल्यावर प्रथम जाणवतात ते विसरलेले आवाज: पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, भांड्यांचा खणखणाट. सुरुवातीला ते त्रासदायक वाटतात. अनेक वर्षे न मिळालेल्या ध्वनींतून महत्त्वाचे व बिनमहत्त्वाचे वेगळे करण्याची सवय मेंदूला पुन्हा लागावी लागते. त्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एका व्यक्तीशी बोलण्यापासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो.

सवय झाल्यावर दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, मागून येणारे वाहन यांची चाहूल लागते. त्याहून मोठा बदल संभाषणात होतो. ऐकू न येणारी व्यक्ती प्रत्येक वाक्य ओठांवरून व संदर्भावरून जुळवत असते. त्या श्रमाने ती थकते आणि हळूहळू चारचौघांत जाणे टाळू लागते. घरातले लोकही ‘काही नाही, जाऊ द्या’ म्हणून बोलणे आवरते घेतात. हा एकटेपणा यंत्राने कमी होऊ शकतो.

स्मृतिभ्रंशाशी असलेल्या संबंधाबाबत मात्र अतिशयोक्ती केली जाते. अमेरिकेत ७० ते ८४ वयोगटातील ९७७ व्यक्तींवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांनी एकूण गटात बौद्धिक ऱ्हासावर परिणाम दिसला नाही. आधीपासून अधिक धोका असलेल्या उपगटात तो ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावलेला आढळला.

बालकांच्या बाबतीत प्रश्न ऐकण्यापुरता नसून भाषा शिकण्याचाच असतो. नवजात अर्भकाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा मान्य संकेत आहे.

मर्यादा व निगा

गोंगाटात बोलणे समजणे ही यंत्राची जुनी अडचण आहे. दिशादर्शी ध्वनिग्राहकांनी ती कमी केली, संपवली नाही. लग्नाच्या पंगतीत उत्तम यंत्रही गोंधळते. यंत्र नीट बसले नाही तर शिट्टी वाजते. कानातील मळ आणि ओलावा हे त्याचे मुख्य शत्रू असल्याने कोकणासारख्या दमट प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात, रात्री ते आर्द्रताशोषक खड्यांच्या डबीत ठेवणे आवश्यक ठरते. जस्त-वायू बॅटरीवरील चिकटपट्टी काढताच ती कार्यरत होते, त्यामुळे पट्टी आधीपासून काढून ठेवू नये.

इतिहास

विजेपूर्वी कर्णा वापरला जाई. संगीतकार बीथोव्हेनसाठी योहान मेल्झेल याने बनवलेले कर्णे बॉन येथील संग्रहालयात आहेत. १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलर हचिसन याने विद्युत यंत्र तयार केले. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५० च्या दशकाच्या प्रारंभी तो श्रवणयंत्रात आला. पूर्णतः अंकीय यंत्रे १९९० च्या दशकात बाजारात आली.

भारतातील सुविधा

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) येथे श्रवणचाचणी, यंत्रजोडणी व श्रवणतज्ज्ञांचे प्रशिक्षण होते. अल्प उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या साहाय्य योजनेतून, तर दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून यंत्रे मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘श्रवणक्षीण’ आणि ७० डेसिबल ऱ्हास असलेली ‘बधिर’ गणली जाते. ४५ किंवा ५० डेसिबल ऱ्हास असलेल्यांना यंत्राचा सर्वाधिक लाभ होण्याजोगा असतो, पण ते या व्याख्येत बसत नाहीत.