कालवा नाही, निदान खडक तरी वाचा

वैनगंगा-नळगंगा नदीजोडच्या यादीत सहा जिल्हे आहेत, वाशीम नाही. त्यावरचा संताप रास्तच. पण भूगोलाने आधीच एक निकाल दिला आहे. वाशीम पाणलोटाच्या माथ्यावर बसलं आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला पूर्णा-तापीकडे उतरते, अडाण आणि अरुणावती पैनगंगा-गोदावरीकडे. दोन्ही बाजूंना पाणी वाटणाऱ्या या जिल्ह्याच्या हातात राहतं ते आभाळातून पडणारं आणि खडकात थांबणारं.

खडकाचीच गोष्ट राहून जाते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्ण स्रोतातून आपला काळा पाषाण वाहिला, तोच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली धगधगतो, असं भूशास्त्रज्ञ मानतात. या बेटावर १९६६च्या जानेवारीत एका दिवसात १८२५ मिमी पाऊस झाला, म्हणजे वाशीमचा जवळपास दोन वर्षांचा. तरी तिथल्या जिवंत ज्वालामुखीच्या उतारांवर बारमाही ओढे विरळाच. नवा लाव्हा पाणी गिळतो आणि ते झऱ्यांतून किनाऱ्याशी निघतं. आपला पाषाण म्हातारा. त्याच्या बहुतेक पोकळ्या कधीच गारगोट्यांनी बुजल्या.

पुणे विद्यापीठात भूशास्त्र शिकवलेले डॉ. हिमांशू कुलकर्णी हेच सांगत आले आहेत. १९९८ मध्ये, म्हणजे वाशीम जिल्हा झाला त्याच वर्षी, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात 'अ‍ॅक्वाडॅम' ही संस्था उभी राहिली. त्यांचा आग्रह साधा आहे: आधी जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडकाचा थर, ओळखा, मग बंधारा बांधा. बांधीव नसलेल्या कुठल्याही विहिरीत डोकावा. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा, खाली घट्ट पाषाण. पाणी पाझरतं ते मुरमातून, मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या भेगांतून. घट्ट पाषाणावर खोदलेलं तळं दिसतं छान, विहिरीला मात्र थेंब देत नाही. आणि शेजाऱ्याचं बोअर तीच भेग कापून खाली गेलं, की तुमची विहीर उन्हाळ्याआधीच कोरडी.

नाला खोलीकरणाचे फोटो सगळ्यांना आवडतात. मुरूम उकरून थेट पाषाणापर्यंत गेलेले नाले मात्र कुणी मोजत नाही. कालव्याची मागणी जरूर लावून धरा. पण पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: गावातल्या विहिरींचे थर नोंदवल्याशिवाय नवं काम नको.