अहिराणीच्या अभ्यासाचा पाया शोधताना
दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात 'मला'च्या जागी 'माले', 'माझा'च्या जागी 'मना' आणि 'घरात'च्या जागी 'घरमा' ऐकणाऱ्या एखाद्या जिज्ञासू तरुणास, ही आपली अहिराणी मराठीची बोली की गुजरातीची निकटची आप्त, असा प्रश्न पडला, तर त्याने प्रथम कोणता ग्रंथ उघडावा? माझे सांगणे असे की, हाती येईल तो अगदी नवा प्रबंध घ्यावा, त्याच्या तळटिपांत आलेले ग्रंथ मिळवावे, मग त्या ग्रंथांच्याही तळटिपा तपासाव्या, आणि असे मागे मागे जाता जाता ज्या ठिकाणी सर्वांच्या वाटा एकत्र येतात, तेथे थांबावे. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी 1964 साली विज्ञानातील उल्लेखांची जी सूची प्रसिद्ध केली, तीही उल्लेखांच्या अशाच दुव्यांवर उभी आहे. आपल्याला मात्र हे काम हातानेच करावे लागते, आणि जुन्या मराठी पुस्तकांचा ठाव घेताना शं. ग. दाते यांच्या 1943 सालच्या 'मराठी ग्रंथसूची'चे उपकार पदोपदी स्मरतात.

अहिराणीची वाट अशा रीतीने ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाकडे, त्यातही स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या, 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागाकडे जाते. तेथे खानदेशी, म्हणजेच आपली अहिराणी, भिल्ली बोलींच्या शेजारी बसविलेली आहे. परंतु पायाभूत ग्रंथ म्हणजे निर्णायक ग्रंथ नव्हे. सर्वेक्षणाचे नमुने सरकारी अंमलदारांमार्फत गोळा झाले, आणि त्यांत बायबलातील उधळ्या पुत्राची कथा बोलीबोलींत उतरवून घेतलेली असे; भाषांतरित मजकुरात जात्यावरच्या ओवीची सहजता कोठून येणार?

पायाभूत ग्रंथाच्याही मागे जाण्याच्या बाबतीत खानदेशाला दूरचा दाखला नको. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणारा प्रत्येकजण ग्रँट डफच्या 1826 सालच्या ग्रंथाचे नाव घेत असता, वि. का. राजवाडे त्याच्या पाठीमागे असलेल्या कागदांकडे वळले. वाड्यावाड्यांतील दप्तरे धुंडाळून 1898 साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि 1926 साली खानदेशातल्याच धुळ्यात त्यांनी देह ठेवल्यानंतर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. दोंडाईच्याच्या त्या तरुणाने कोनोंचा खंड अक्षरशः वाचावा, त्यातील प्रत्येक प्रत्यय आपल्या आजीच्या तोंडच्या शब्दांशी ताडून पाहावा, आणि जेथे मेळ बसत नाही तेथे आजीचा शब्द, गाव आणि तारीख घालून, वहीत टिपून ठेवावा.